आधी बूड दाखवा

(भंडारा जिल्ह्यातल्या एका गावच्या सार्वजनिक वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

तुम्ही सगळ्यांनी घरची भांडी आणलीत, आणि चिंच लावून लखलखीत घासून आणलीत. पाहुण्याला दाखवायची म्हणून. माझं अर्धं काम तिथंच बुडालं. असो. भंडाऱ्याच्या माणसाला पितळ म्हणजे काय हे मी सांगायला नको. ज्या भांड्यावर ना कारखान्याचा शिक्का, ना कारागिराची खूण, त्याचं वय कुठं शोधायचं, एवढंच मी बोलणार आहे.

पहिल्या रांगेतल्या मावशींचा हा पाण्याचा गुंड घ्या. "सासूच्या आंदनातला आहे जी," असं त्या म्हणाल्या. मी तो उलटा केला तर त्यांना वाटलं, मी भोक शोधतोय! भोक नाही मावशी, जोड शोधतोय. पोटाच्या मधोमध ही आडवी रेघ दिसते का? सरळ नाही, दातेरी आहे. वरचा आणि खालचा भाग वेगळा ठोकायचा, कडांना दाते पाडायचे, ते एकमेकांत अडकवायचे, डाख, म्हणजे जोडायचा धातू, वितळवून सांधायचं आणि वरून पुन्हा ठोकून सपाट करायचं. डाखात जस्त जास्त असतं, म्हणजे तो पितळेच्या आधी वितळतो. म्हणूनच रेघेचा रंग बाकीच्या अंगापेक्षा थोडा फिकट दिसतो. लेथवर दाबून काढलेल्या भांड्याला असा जोड नसतो. त्याच्या आत बोट फिरवा, गोल गोल बारीक वळी लागतात.

पण जोड दिसला म्हणजे शंभर वर्षं झाली, असंही नाही. ही रीत आपल्या डोळ्यांदेखत चालू होती. उलट लहान गडवा, म्हणजे तांब्या, एकाच पत्र्यातून उठवलेला किंवा ओतीव असू शकतो. जोड नाही म्हणून त्याला नवा ठरवू नका.

आता ठोके. आम्ही याला मठार म्हणतो. पुष्कळांना ती नुसती नक्षी वाटते. पितळ ठोकलं की कडक होत जातं. इतकं की मध्ये मध्ये लाल तापवून मऊ केलं नाही तर चिरतं. शेवटचा मठार मारला की पातळ पत्रासुद्धा ताठ उभा राहतो, हंडा भरून उचलला तरी पोचा पडत नाही. म्हणजे नक्षी नंतरची, आधी काम. खरे ठोके एकमेकांवर थोडे चढलेले असतात, रांग वळणाबरोबर वळते, आणि गळ्याशी जागा अरुंद झाली की ठोकेही लहान होतात. साच्याने उठवलेले ठोके सगळे जुळे भाऊ. एक बघितला की सगळे बघितले. आणखी एक लबाडी असते: भांडं लेथचं आणि बाहेरून चार हातोडे मारलेले. आत वळी, बाहेर मठार, असं दिसलं की समजून जायचं.

मावशींच्या गुंडाला गळ्याखाली एका बाजूला झीज आहे. तिथं दोराचा फास बसायचा. बुडाची कड गुळगुळीत झालीय, ती चुंबळीवर आणि ओट्यावर बसून बसून. पोटाला कमरेच्या बाजूने पोचा आहे. अशी झीज कुणी मुद्दाम करत बसत नाही. नव्याला जुनं भासवणारे फार तर रसायन लावून काळपट करतात. ते सगळीकडे सारखं बसतं. खरा हिरवट कळंक काठाच्या वळणात, जोडात, कडीच्या मुळाशी बसतो. तोच तुम्ही चिंचेनं काढता!

नाव घातलेलं असलं तर वाचा, पण जपून. नाव मालकाचं असतं, कारागिराचं नाही. भांडं बाजारात फिरून आलं की जुनं नाव घासून नवं घालतात. ठिपक्यांनी मोडी अक्षरं काढलेली दिसली तर मला आनंद होतो, कारण मोडी रोजच्या वापरातून विसाव्या शतकाच्या मध्यावर गेली. शके १८३२ असेल तर अठ्ठ्याहत्तर मिळवा, १९१० येतं. आणि बुडाशी शेरात वजन कोरलेलं असलं तर ते बहुधा मेट्रिक वजनं रुळायच्या आधीचं. तो कायदा १९५६ चा. जुना शेर म्हणजे ऐंशी तोळे, किलोपेक्षा थोडा कमी, तेव्हा काट्यावर ताडून बघता येतं.

ही फुलदाणी एका दादांनी आणली. आपल्याकडच्या जुन्या घरात गुंड, घंगाळ, परात असते. फुलदाणी आली की मी विचारतो, कुठून आली? "आजोबा लढाईवर होते," दादा म्हणाले. चुंबक चिकटत नाही, म्हणजे लोखंडावर मुलामा नाही. बाहेर सुंदर ठोके. उलटी केली तर बूड जाड, सपाट, आणि मध्यभागी गोल भोक बुजवलेलं. हे तोफगोळ्याचं रिकामं काडतूस! भोक होतं ते आतली दारू पेटवणाऱ्या टोपीचं. पहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धात अशी काडतुसं ठोकून जगभर फुलदाण्या झाल्या. बुडावर सालाचा ठसा असतो, यावरचा कुणीतरी कानशीनं घासून टाकलाय. बिनखुणेची झाली ती अशी.

भाव तर तुम्ही विचारताच. मोडीत देता तेव्हा भंगारवाला धातू तोलतो, तो भाव काट्याचा. वापरणारा माणूस जाडी आणि डाख बघतो. संग्राहक मात्र झीज, जोड आणि "कुणाचं, कुठलं" याचे पैसे देतो, म्हणून घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडून ऐकलेलं एका चिठ्ठीवर लिहून भांड्यात टाकून ठेवा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांवरची अशी वस्तू खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही. कुणी बाहेरचा भाव दाखवून घ्यायला आला, तर हे त्याला सांगा.

मावशी, तुमच्या सासूबाई लग्न होऊन कधी आल्या? "माहीत नाही जी. पण विहीर बांधली त्या वर्षी." विहिरीवर दगडात साल कोरलेलं असेल तर चला, आत्ताच जाऊन बघू.