आधी येणं, मग देणं

नमस्कार, श्रोतेहो.

सहा वर्षांपूर्वी माझा धाकटा भाऊ गेला. बेचाळीस वर्षांचा होता. दहाव्याच्या दिवशी माणसं नदीवरून परतली, ओसरीवर पानं मांडली जात होती, आणि गावातले एक गृहस्थ कागद घेऊन आले. भावानं त्यांच्याकडून दीड लाख घेतले होते म्हणाले. "वहिनी, काही नाही, नुसतं नवं-जुनं करून घेऊ. तुमची सही तेवढी लागेल." भावजयीनं सही केली, म्हणजे जुनं कर्ज नव्यानं स्वतःच्या नावावर लिहून दिलं. मी आतल्या खोलीत आईपाशी बसले होते. तीस वर्षं बँकेत नोकरी केलेली बाई मी, आणि मला हे कळलं संध्याकाळी. त्या एका सहीपायी चार वर्षं हप्ते भरावे लागले. त्या दिवशी मी दारात का बसले नाही, हे मला अजून सलतं.

म्हणून आज बोलते आहे. ज्यांच्या घरातला कमावता माणूस गेला आहे त्यांच्याशी, आणि त्यांच्या शेजारपाजारच्यांशीही, कारण त्या दिवसांत घरच्यांना काही ऐकू येत नसतं.

नवऱ्याचं कर्ज बायकोच्या अंगावर आपोआप येत नाही. त्याच्या मागे जी मालमत्ता राहिली आणि वारसांच्या हाती आली, तिच्या किमतीपुरतीच वारसांची जबाबदारी. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ५० व्या कलमात हे स्पष्ट लिहिलेलं आहे. बापाचं कर्ज फेडणं हे मुलाचं धर्मकर्तव्य, असं पूर्वी कोर्टातही मानत. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनं, त्यापुढच्या कर्जांपुरतं, तेही संपलं. मात्र तुम्ही सहकर्जदार असाल किंवा जामीनदार म्हणून सही केली असेल, तर ते कर्ज तुमचं आहे. सातबाऱ्यावर बोजा असेल तर तो जमिनीबरोबर राहतो. आणि दहाव्याला नवं-जुनं केलंत, तर जे देणं त्याच्या मालमत्तेवर होतं ते तुमच्या नावावर चढतं. बाईचं स्त्रीधन, तिच्या अंगावरचं सोनं, ही नवऱ्याची मालमत्ता नाही. ते कुणी मागू शकत नाही.

बायका मला सांगतात, "ताई, कर्ज ठेवून गेला तर त्याला गती मिळायची नाही." या भावनेचा मी अनादर करणार नाही. माझ्या आईनंही हेच म्हटलं होतं. खरं देणं असेल तर ते फेडावं, जरूर फेडावं. पण मुलांच्या ताटातलं काढून, आणि कागद न बघता नव्हे. मागणाऱ्याला एवढंच म्हणा: "तेरावं होऊ द्या. चिठ्ठी, हिशेब घेऊन या. माझ्या माहेरचं माणूस असेल तेव्हा बोलू." खरा सावकार थांबतो. घरात दुःख असताना वसुलीसाठी फोन किंवा फेरी टाळावी, असं बँकांच्या वसुली धोरणांतही लिहिलेलं असतं. बँकेला जे कळतं ते गावकीला कळायला काय हरकत आहे?

सावकाराचं कर्ज असेल तर त्याचा परवाना विचारा. महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी नियमनाचा कायदा आहे. मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही, आपली जुनी दामदुपटीची मर्यादा त्यात आहे. परवाना नसेल तर तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे तक्रार करता येते. वकिलाच्या फीची काळजी नको. विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला वकील मोफत मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. तिथला फोन नंबर आहे १५१००. पुन्हा सांगते, एक पाच एक शून्य शून्य.

आता मला जे मनापासून सांगायचं आहे ते. देणं मागणारा दारात येतो. येणं सांगायला कुणीही येत नाही. ते आपणच शोधायचं असतं.

भाऊ गेल्यावर दुसऱ्या महिन्यात मी त्याचं पासबुक घेऊन बसले. मे महिन्याच्या पानावर ३३० रुपयांची एक नोंद दिसली. प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचा, म्हणजे सरकारी आयुर्विम्याचा, तो वर्षाचा हप्ता. बँकेतल्या कुणी तरी खातं काढताना फॉर्म भरून घेतला असेल, भावजयीला पत्ताच नव्हता. त्यातून दोन लाख आले. आज तो हप्ता ४३६ रुपये आहे, आणि तशाच सरकारी अपघात विम्याचा २० रुपये. तुमच्या घरातली सगळी पासबुकं काढा, मे आणि जूनची पानं बघा. बचत गटाचं किंवा मायक्रोफायनान्सचं कर्ज असेल तर त्याला विमा जोडलेला होता का, ते विचारा. पुष्कळदा नवरा-बायको दोघांचाही असतो, आणि तरी बाई बिचारी हप्ते भरत राहते. नोकरी असेल तर भविष्य निधीबरोबर त्याच खात्याचा विमा असतो, विधवेला पेन्शन असते. शेतकरी अपघातात गेला असेल तर गोपीनाथ मुंडे योजनेचे दोन लाख तालुका कृषी कार्यालयातून मिळतात, तिथे मात्र उशीर करू नका.

या सगळ्याला मृत्यूचा दाखला लागतो. नोंद २१ दिवसांत करा आणि दहा तरी प्रती घ्या. वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे तीन महिन्यांच्या आत अर्ज द्या, आणि अर्जात मुलींची नावं गाळू देऊ नका. गेलेल्या माणसाचं एटीएम कार्ड मात्र वापरू नका, पिन माहीत असला तरी. पुढे त्यावरून भाऊबंदकीत भांडणं होतात, मी बँकेत डोळ्यांनी पाहिली आहेत.

पैसे आले की माणसंही येतात. दिराला ट्रॅक्टर, भाच्याचं लग्न, कुणाची जास्त व्याजाची पतसंस्था. पतसंस्थेतल्या ठेवीला बँकेसारखं पाच लाखांचं विमा संरक्षण नसतं. सहा महिने ते पैसे बँकेत, बाईच्या एकटीच्या नावावर मुदत ठेवीत असू द्या. "सहा महिने काही करायचं नाही, असं ताईंनी सांगितलंय" म्हणा. वाईटपणा माझ्याकडे येऊ द्या.

दिवस घालण्याचा खर्चही याच हिशेबात येतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू, बांगड्यांचा तो ठराव मला फार मोलाचा वाटतो. त्याच धर्तीवर, तेराव्याचं जेवण शंभर पानांचं नको असंही एखाद्या गावानं ठरवावं. आमच्या घरी चारशे पानं उठली. त्यातली निम्मी उधारीची होती.

माझी भावजय आता शिवणकाम करते, दोन मशीन आहेत. हिशेब वहीत लिहिते, रोज, कितीही थकली तरी. यंदाच्या मे महिन्यात तिच्या खात्यातून ४३६ आणि २० रुपये गेले. विम्याला नॉमिनी म्हणून लेकीचं नाव आहे, आणि ते पासबुक कुठल्या कपाटात आहे, हे तिनं लेकीला दाखवून ठेवलं आहे.

नमस्कार.