बंदूक घरी, काडतूस गाडीत : कायदा नेमकं काय म्हणतो

मंडळी, विषयाला सरळच हात घालतो. बंदुकीबद्दल सगळे विचारतात, लायसन कसं काढायचं, रिन्यू कधी करायचं, कुठली घ्यावी वगैरे. काडतुसाबद्दल फारसं कुणी विचारत नाही. आणि वकील म्हणून माझ्याकडे जी साधी, कुणाच्या अध्यात ना मध्यात अशी माणसं घाबरीघुबरी होऊन येतात ना, ती बऱ्याचदा बंदुकीमुळे नाही तर काडतुसामुळे अडकलेली असतात. एखादंच असतं, प्रवासाच्या बॅगेच्या तळाशी, गाडीच्या डॅशबोर्डच्या खणात, नाहीतर वडिलांच्या जुन्या जर्किनच्या आतल्या खिशात, आणि मग एअरपोर्टच्या किंवा मेट्रोच्या स्कॅनरवर ते दिसतं आणि पुढची काही वर्षं तारखांना जातात.

तर पहिली गोष्ट. आपल्याकडचा कायदा म्हणजे शस्त्र अधिनियम १९५९, लागू झाला १ ऑक्टोबर १९६२ पासून. त्याआधी लॉर्ड लिटनच्या काळातला १८७८ चा कायदा होता, ज्यात भारतीय माणसाला लायसन सक्तीचं आणि गोऱ्या साहेबाला सूट, आणि तो राग आपल्या पुढाऱ्यांच्या मनात अनेक वर्षं होता. असो. आजच्या कायद्याचं कलम ३ वाचा, त्यात बंदूक आणि दारूगोळा दोन्ही शब्द शेजारी शेजारी आहेत. विकत घेणं, जवळ ठेवणं, बरोबर नेणं, तिन्हीला लायसन पाहिजे. म्हणजे "अहो माझ्याकडे बंदूकच नाही, नुसतं काडतूस आहे, त्याने मी काय करणार" हे बोलणं माणुसकीच्या दृष्टीने पटतं, पण कलम ३ मध्ये त्याला जागा नाही. नुसतं जिवंत काडतूस विनालायसन जवळ असणं हाच गुन्हा.

आणि शिक्षा? डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीआधी ती एक ते तीन वर्षं होती, आता कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त पाच वर्षं, शिवाय दंड. विशेष कारण लेखी नोंदवून कोर्ट दोन वर्षांपेक्षा कमी देऊ शकतं, पण ते कोर्टाच्या हातात. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात आणि जामीन कोर्टातूनच घ्यावा लागतो. प्रतिबंधित दारूगोळा असेल तर कलम ७ लागतं आणि तिथे सात ते चौदा वर्षं. समोर बरेच माजी सैनिक बसलेत म्हणून मुद्दाम सांगतो, युनिटची आठवण म्हणून जिवंत राउंड घरी आणून शोकेसमध्ये ठेवायचा नाही. कितीही मानाची आठवण असली तरी नाही. फौजी बोअरचा, म्हणजे फौजी बंदुकीच्या नळीच्या मापाचा राउंड आपल्या साध्या लायसनवर बसतच नाही, त्यामुळे घरात लायसन आहे म्हणून तो चालतो असं होत नाही.

आता गाडीचा भाग, इथे जरा थांबतो कारण याच्यातच सगळ्यात जास्त गैरसमज आहेत.

लोकांना वाटतं गाडी म्हणजे आपलं घरच, काच वर केली की आत काय आहे ते आपलं आपल्यापाशी. कायदा तसं मानत नाही. कलम २३ प्रमाणे मॅजिस्ट्रेट, पोलीस अधिकारी किंवा सरकारने खास अधिकार दिलेला माणूस गाडी थांबवून शस्त्र किंवा दारूगोळा आहे का ते तपासू शकतो, नाकाबंदीला डिकी उघडायला सांगतात ती याच जोरावर. कलम १९ प्रमाणे शस्त्र किंवा दारूगोळा बरोबर असलेल्या माणसाकडे पोलीस लायसन मागू शकतात, आणि ते दाखवता आलं नाही तर नाव पत्ता विचारून माल ताब्यात घेऊ शकतात. त्यामुळे लायसनचं पुस्तक घरी कपाटात आणि काडतुसं गाडीत असं कधीच करायचं नाही, दोन्ही एकत्रच फिरली पाहिजेत. आणि कलम २० तर फार कमी लोकांना माहीत असतं, ते म्हणतं की शस्त्र किंवा दारूगोळा, लायसनचा असो वा नसो, अशा रीतीने नेला जातोय की काहीतरी वाईट बेत आहे असा सबळ संशय यावा, तर पोलीसच काय, रेल्वेवर, विमानात, जहाजावर किंवा गाडीवर नोकरीला असलेला माणूससुद्धा वॉरंटशिवाय धरू शकतो. म्हणजे लायसन आहे म्हणून कसंही न्यावं असं नाही, नेण्याची पद्धतसुद्धा बघितली जाते.

यापुढे कलम ३५. चार मित्र एका गाडीतून चाललेत, मागच्या सीटखाली काडतुसांचं पाकीट सापडलं, कुणाचं ते कुणी बोलायला तयार नाही. कायदा म्हणतो की जागा किंवा वाहन अनेकांच्या मिळून ताब्यात असेल, तर त्यातल्या ज्याला ज्याला ती वस्तू तिथे आहे हे माहीत होतं असं मानायला कारण आहे, तो प्रत्येकजण जणू त्याने एकट्यानेच गुन्हा केलाय असा जबाबदार, उलटं सिद्ध होईपर्यंत. म्हणून मी तरुण पोरांना कळवळून सांगतो, मित्राच्या गाडीत असलं काही दिसलं तर "त्याचं आहे, आपल्याला काय" म्हणून बसून राहू नका, उतरा. माहीत असूनही बसून राहिलात की तुम्ही त्या कलमात आलात.

पण याची दुसरी बाजूही आहे आणि ती माणसाला वाचवणारी आहे. ताबा म्हणजे नुसतं वस्तू जवळ असणं नव्हे, ती आहे हे माहीत असणं. सुप्रीम कोर्टाने १९७२ मध्ये गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश सरकार या खटल्यात सांगितलं की ताब्यामध्ये जाणीव हवी, आणि वस्तू प्रत्यक्ष हातात नसली तरी तिच्यावर तुमचं नियंत्रण असेल तर तोही ताबाच. पुढे १९९४ मध्ये संजय दत्तच्या खटल्यात घटनापीठाने टाडा या दहशतवादविरोधी कायद्याच्या संदर्भात हाच विचार धरला, जाणीवपूर्वक ताबा पाहिजे म्हणून. यावर टेकून देशभरातल्या हायकोर्टांनी एअरपोर्टवर सापडलेल्या एकेका काडतुसाचे कितीतरी एफआयआर रद्द केलेत, जिथे बॅग भावाची होती, किंवा वडिलांचं लायसन होतं आणि त्यांचं काडतूस चुकून राहिलं होतं, आणि प्रवाशाचा दुसरा काही इतिहास नव्हता.

आता हे ऐकून कुणी निर्धास्त होऊ नका. हायकोर्ट एफआयआर रद्द करतं ते कधी? विमान चुकल्यावर, रात्र पोलीस ठाण्यात गेल्यावर, काडतूस बॅलिस्टिकला, म्हणजे सरकारी प्रयोगशाळेत तपासणीला जाऊन रिपोर्ट आल्यावर, वकिलाची फी भरल्यावर. परदेशी शिकायला निघालेल्या मुलाचं एक वर्ष जातं. पासपोर्टच्या फॉर्मवर, नोकरीच्या व्हेरिफिकेशनवर तो गुन्हा येत राहतो. कलम ३ च्या खटल्याला जिल्हा दंडाधिकाऱ्याची आधी मंजुरी लागते, कलम ३९ प्रमाणे, आणि माझं ठाम मत आहे की ही मंजुरी देताना जाणिवेचा प्रश्न तिथेच नीट तपासला पाहिजे, नुसता शिक्का मारून फाइल पुढे ढकलू नये. एवढं झालं तरी कितीतरी घरं वाचतील. आणखी एक, कलम ४५ मध्ये दारूगोळ्याच्या किरकोळ भागांना सूट आहे, जे दुसऱ्या भागांबरोबर वापरायचा हेतू नाही असे, आणि काही वकील एका काडतुसाला त्यात बसवतात, काही कोर्टांनी ते मान्यही केलंय. पण अख्खं जिवंत काडतूस हा किरकोळ भाग कसा, हा प्रश्न उरतोच, म्हणून मी कुणालाही त्या भरवशावर राहा असं सांगणार नाही.

लायसनधारकांकडे येतो. तुमच्या लायसनवर तीन गोष्टी बारकाईने वाचा. एक, काडतुसं एका वेळी जास्तीत जास्त किती ठेवायची आणि वर्षभरात किती घ्यायची, हे आकडे लिहिलेले असतात, आणि दुकानदार प्रत्येक खरेदी त्यावर चढवतो. खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीतून आलेली काडतुसं तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडे असतील, बुडावर 'केएफ' अक्षरं असतात ती, तर त्यांचा हिशोब तुमच्या लायसनवर आणि दुकानदाराच्या रजिस्टरमध्ये असा दोन्हीकडे राहतो, त्यामुळे मित्राला दहा काडतुसं उसनी दिली असला प्रकार कागदावर लपत नाही. दोन, बोअर कुठला. बारा बोरच्या लायसनवर पॉइंट थ्री टूची काडतुसं बाळगता येत नाहीत. तीन, क्षेत्र. लायसन जिल्ह्यापुरतं आहे, महाराष्ट्रापुरतं आहे की सगळ्या भारतासाठी? महाराष्ट्रापुरतं असेल आणि तुम्ही सावंतवाडी, बांदा करत पत्रादेवीच्या नाक्यावरून गोव्यात गेलात, तर पलीकडच्या बाजूला ते लायसन तुमच्या कामाचं नाही. जायचं असेल तर आधी क्षेत्र वाढवून घ्या, नाहीतर काडतुसांसकट सगळं घरी कुलपात ठेवून जा. लायसनच्या अटी मोडल्या तर कलम ३० मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, पण खरा फटका वेगळाच बसतो, लायसन निलंबित किंवा रद्द होतं.

शस्त्र कसं न्यायचं तेही २०१६ च्या शस्त्र नियमांत आहे. सार्वजनिक जागी पिस्तूल रिव्हॉल्वर होल्स्टरमध्ये, मोठी बंदूक तिच्या कव्हरमध्ये, पूर्ण झाकलेली आणि तुमच्या ताब्यात. मिरवणं, दाखवणं, हवेत बार काढणं बंद. लग्नात, वरातीत, निवडून आल्यावर हवेत गोळ्या झाडणं हा २०१९ पासून वेगळा गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. मी स्वतः यापुढे जाऊन म्हणेन की प्रवासात बंदूक रिकामी आणि काडतुसं वेगळ्या कुलपाच्या डब्यात ठेवा, आणि हॉटेलच्या पार्किंगमध्ये गाडीत सोडून जेवायला जाऊ नका. गाडी फोडून चोराने नेलेलं काडतूस उद्या कुठे निघेल ते तुम्हाला कळणारही नाही.

नेमबाजांच्या पालकांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. २०२४ ला पॅरिसमध्ये आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ आणलं, आणि आता गावोगावची मुलं रेंजवर यायला लागलीत, फार चांगलं आहे, मनापासून आनंद होतो. पण मुलांच्या किटबॅगा तपासा. पॉइंट टू टूचं काडतूस इतकं छोटं असतं की शिवणीत अडकून राहतं. पुण्यात बालेवाडीच्या रेंजवरून येताना ती बॅग रिकामी करून झटका, आणि तीच बॅग घेऊन कुणी विमानाने किंवा मेट्रोने जाणार असेल तर दुसऱ्या माणसाकडूनही तपासून घ्या. विमानाने काडतुसं न्यायचीच असतील तर केबिनमध्ये कधीच नाही, एअरलाइनला आधी कळवून, लायसन दाखवून, चेक-इन सामानात, नीट पॅक करून. आंतरराष्ट्रीय नियमांत एका प्रवाशाला पॅकिंग धरून ५ किलोची मर्यादा आहे, आणि दोघांचं मिळून एका खोक्यात भरता येत नाही. तुमच्या एअरलाइनचे नियम याहून कडक असू शकतात, तिकीट काढायच्या आधी विचारा.

दुसऱ्याच्या हातून काडतुसं पाठवायची वेळ येते, म्हणजे बंदूक दुरुस्तीला किंवा लायसन रिन्यूअलला न्यायची आहे आणि लायसनधारक म्हातारा आहे, चालवत नाही. कलम ३ मध्येच सोय आहे, लायसनधारक सोबत असेल किंवा त्याने लेखी अधिकार दिला असेल तर दुसरा माणूस दुरुस्तीसाठी, रिन्यूअलसाठी किंवा लायसनधारकाच्याच वापरासाठी नेऊ शकतो. लेखी म्हणजे लेखी, फोनवर "जा रे घेऊन" म्हटलेलं धरत नाहीत. सही, तारीख, कशासाठी, किती काडतुसं, सगळं लिहा आणि सोबत लायसन द्या.

निवडणुकीचं विचारतात नेहमी. आचारसंहितेत सरसकट सगळ्यांची शस्त्रं जमा करून घ्यायची पद्धत होती, त्यावर गोव्यातल्या एका प्रकरणात मुंबई हायकोर्टाने बोट ठेवलं आणि आता जिल्ह्याची स्क्रीनिंग कमिटी कुणाकडून जमा करायचं ते ठरवते. तुम्हाला नोटीस आली तर काडतुसांसकट जमा करा आणि पावती घ्या, पावतीवर काडतुसांचा आकडा लिहून घ्या. शिवाय महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली सणावाराला, मोर्चांच्या वेळी जमावबंदीबरोबर शस्त्रबंदीचे आदेश निघतात, त्या काळात त्या हद्दीत बाहेर काढायच्या आधी पोलीस ठाण्यात विचारा.

शेवटचा भाग वारसाचा, कारण कोकणातून आलेली मंडळी इथे आहेत. सिंधुदुर्ग, रत्नागिरीत डुकरा-माकडांसाठी ठासणीच्या बंदुकीची शेती संरक्षणाची लायसनं घरोघर होती. आजोबा गेले, लायसन त्यांच्याबरोबर संपलं, आणि माळ्यावरच्या पेटीत दारूची पुडी, छरे नाहीतर दोनचार काडतुसं तशीच. मुंबईचा नातू गणपतीला येतो, पेटी बघतो आणि गंमत म्हणून एक खिशात टाकून रेल्वेत बसतो. तसं करू नका. कलम २१ सांगतं की ताबा कायदेशीर राहिला नाही की विनाकारण उशीर न करता ते जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा लायसन असलेल्या दुकानदाराकडे जमा करायचं. मृत्यूचा दाखला, जुनं लायसन आणि साधा अर्ज घेऊन जा. माल जुना, फुगलेला किंवा गंजलेला असेल तर स्वतः हात लावून गाडीत घालू नका, ठाण्यात फोन करून त्यांना घरी बोलवा, पंचनामा करून ते नेतील. आणि वारस म्हणून बंदूक आपल्या नावावर करायची असेल तर जमा करताना तसं अर्जात लिहा, कारण जमा केलं म्हणजे हक्क गेला असं नाही, ठराविक मुदतीत लायसन मिळालं तर वस्तू परत मिळते.