थरार कानाने: कोएन बंधूंचा सिनेमा

श्रोतेहो, नमस्कार. २००४ पासून इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, पणजीत मुक्कामाला आला आणि जगभरचा सिनेमा गोंयकारांच्या ओळखीचा झाला. आज जोएल आणि ईथन या कोएन बंधूंच्या ‘नो कंट्री फॉर ओल्ड मेन’विषयी. चित्रपट २००७ चा, कॉर्मॅक मॅकार्थी यांच्या कादंबरीवरचा, सर्वोत्कृष्ट चित्रपटासह चार ऑस्कर मिळवलेला. गोष्ट १९८० च्या टेक्सासमधली. शिकारीला गेलेल्या मॉसला माळरानावर प्रेतं दिसतात आणि निसटलेल्या एकाचा माग काढताना वीस लाख डॉलरची बॅग त्याच्या हाती लागते. मग शिगूर नावाचा मारेकरी त्याच्या मागे लागतो. त्याच्याकडे कत्तलखान्यात गुरं पाडायचं, हवेच्या दाबावर चालणारं हत्यार आहे. कुलूपसुद्धा तो त्यानेच उडवतो.

खून भरपूर आहेत, पण घाबरवतो तो आवाज. आपल्या जत्रेच्या नाटकात खलनायक रंगमंचावर यायच्या आधीच पेटी-तबला ‘सांभाळा’ म्हणून सांगून मोकळे होतात. इथे ती सोयच काढून घेतली आहे. १२२ मिनिटांच्या चित्रपटात कार्टर बर्वेलचं संगीत १६ मिनिटांच्या आसपास, आणि त्यातलंही बरंचसं शेवटच्या नामावलीवर.

पेट्रोल पंपावरचा प्रसंग घ्या. शिगूर एक पुडी घेतो, काजूची. (गोव्यात हे कुणाच्या नजरेतून सुटायचं नाही!) म्हाताऱ्या दुकानदाराशी तिरकस बोलत तो रिकामा कागद चुरगळून काउंटरवर ठेवतो, आणि तो कागद चुरचुरत आपोआप उलगडत जातो. मग १९५८ चं नाणं उडतं. काय पणाला लावलंय, हे दुकानदाराला कळत नाही, आपल्याला कळतं. या प्रसंगात बर्वेलने जेमतेम ऐकू येईल असा सूर धरला आहे, तो फ्रिजच्या घरघरीशी जुळवून. अमेरिकेची वीज ६० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ६० आवर्तनांची, म्हणून सूरही तिथलाच. आपले फ्रिज ५० वर गुणगुणतात. हत्यार निघत नाही, रक्त सांडत नाही, तरी घसा कोरडा पडतो.

दुसरा प्रसंग हॉटेलातला. मॉस खाली काउंटरला फोन लावतो. घंटी रिसीव्हरमध्ये वाजते आणि जिन्याखालूनही पुसट ऐकू येते, पण कुणी उचलत नाही. दाराच्या फटीत सावली थांबते, पुढे सरकते. मग बाहेरचा बल्ब पिळून काढल्याचा बारीक आवाज, आणि फट काळी. पुढचं सांगत नाही. एवढंच सांगते, मोबाईलच्या स्पीकरवर यातलं निम्मं गळून जातं. पंखा बंद करा, हेडफोन लावा.

नायक म्हणून ज्याच्यामागे आपण धावतो त्याचा मृत्यू पडद्याबाहेर उरकलाय, अशी तक्रार पुष्कळजण करतात. मला तेच बरोबर वाटतं. झटापट दाखवली असती, तर हा नेहमीचा पाठलागपट झाला असता.

ही शिस्त एका दिवसात आलेली नाही. ‘ब्लड सिंपल’ या पहिल्याच चित्रपटात एकजण जमिनीवरचं रक्त आपल्या जाकिटाने पुसायला जातो. कापड शोषत नाही, डाग आणखी पसरतो. १९९६ च्या ‘फार्गो’त एकजण बर्फात पैशाची बॅग पुरतो आणि मग मान वळवून बघतो, तर दोन्ही बाजूंना एकसारख्या खांबांचं कुंपण, संपता संपत नाही. गुन्हा करणाऱ्याचा हिशेब असा फालतू वस्तूंपाशी चुकतो. चित्रीकरणाआधी हे भाऊ दृश्यं चित्रांत आखून घेतात, म्हणून असा तपशील नेमक्या जागी बसतो. संकलनही तेच करतात, रॉडरिक जेन्स या टोपणनावाने. त्या नसलेल्या माणसाला ऑस्करची नामांकनंही मिळाली आहेत!

गोव्यात लघुपट करणाऱ्यांनी यांच्याकडून एक व्यवहारही शिकावा. ‘ब्लड सिंपल’साठी पैसे नव्हते, तेव्हा त्यांनी चित्रपटाआधीच त्याचा छोटा ट्रेलर चित्रित केला, आणि तो गुंतवणूकदारांना दाखवत भांडवल उभं केलं.