आधी वही, मग पाना

(दृश्य : बंद गॅरेज. ताडपत्रीवर बोटभर धूळ. दोन हात तिची कड उचलतात.)

ताडपत्री निघाली की पहिला मोह होतो तो गाडी धुवायचा. तो आवरायला हवा. वर्षानुवर्षं एका जागी उभ्या राहिलेल्या गाडीवरचा मळ हा पुरावा असतो. तेल कुठून झिरपत होतं, पावसाचं पाणी कुठे मुरत होतं, कोणता बोल्ट आधी कुणीतरी खोलला आहे आणि कोणत्याला कारखान्यातून निघाल्यापासून पानाच लागलेला नाही, हे सगळं त्या मळात लिहिलेलं असतं. पाण्याचा पाइप फिरला की ते गेलं.

म्हणून आधी वही घ्यायची. चारही बाजूंनी फोटो काढायचे, मग जवळून, मग बॅटरीच्या उजेडात खालून. सुटलेल्या प्रत्येक तारेला चिठ्ठी बांधायची. प्रत्येक बोल्ट त्याच्या वॉशरसकट वेगळ्या पिशवीत टाकायचा आणि पिशवीवर तो कुठला ते लिहायचं. सहा महिन्यांनी हे सगळं आठवेल असं त्या दिवशी वाटतं. आठवत नाही.

(दृश्य : वहीचं पहिलं पान. शिसपेन्सिलीने काढलेली डॅशबोर्डची आकृती.)

जुनी गाडी म्हणजे व्हिंटेज असं आपण सर्रास म्हणतो. पण १९३४ मध्ये इंग्लंडमध्ये स्थापन झालेल्या व्हिंटेज स्पोर्ट्‌स-कार क्लबने या शब्दाला ठरावीक अर्थ दिला : १९१९ ते १९३० या काळात बनलेली गाडी. आपल्यासमोरची गाडी त्याच काळातली. चार सिलिंडर, लाकडी सांगाड्यावर ठोकलेला पत्रा, आणि इंजिन जाम.

जाम इंजिन बघून पुष्कळांचा धीर सुटतो आणि मग सर्वांत मोठी चूक होते : गाडी दुसऱ्या गाडीला बांधून ओढायची. पिस्टनच्या रिंगा गंजाने सिलिंडरला चिकटलेल्या असतात, ओढलं की त्या तुटतात. त्यापेक्षा प्लग काढावेत, प्रत्येक सिलिंडरमध्ये ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल आणि अ‍ॅसिटोन निम्मं-निम्मं ओतावं आणि निघून जावं. हे मिश्रण पटकन पेट घेतं, तेव्हा आसपास ठिणगी नको. दुसऱ्या दिवशी यावं, थोडं आणखी घालावं, पुन्हा जावं. आठवडाभराने मागचं चाक जॅकवर उचलून, गाडी टॉप गिअरमध्ये टाकून, ते चाक हाताने अगदी हलकेच मागे-पुढे करावं. बहुतेक वेळा काहीच होत नाही. आणि एका सकाळी चाकाबरोबर इंजिनात काहीतरी केसभर सरकतं. ते कानाला कळत नाही, तळहाताला कळतं. या छंदात मला त्या केसभर सरकण्याइतका आनंद दुसऱ्या कशानेच दिलेला नाही.

नट खोलतानाही तीच सबुरी लागते. ब्रिटिश गाड्यांवर व्हिटवर्थ मापाचे नट भेटतात. इंग्रज अभियंते जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये आट्यांचं एकसारखं माप सुचवलं, त्यात आट्यांचा कोन ५५ अंशांचा. अमेरिकन आटे ६० अंशांचे. चुकीचा बोल्ट दोन फेरे गोडीने आत जातो आणि मग अडतो. तिथे जोर लावला की इतकी वर्षं टिकलेले आटे क्षणात खलास.

(दृश्य : काढून ठेवलेली सीट. खालची लाकडी फळी. कॅमेरा जवळ जातो.)

आता एक गोष्ट सांगायची आहे, ती सांगताना अजून त्रास होतो. हीच माझी पहिली गाडी. तिच्या ड्रायव्हरच्या सीटखालची फळी मी काढली. कळकट झाली होती. पॉलिश पेपर घेतला आणि घासायला लागलो. अर्ध्यावर आल्यावर दिसलं की मळाखाली शिसपेन्सिलीने काहीतरी लिहिलं होतं. तीन आकडे शिल्लक होते, त्यांच्या आधीचं मी घासून टाकलं होतं. बॉडी बांधणाऱ्या सुताराने कोणती फळी कोणत्या गाडीची हे कळावं म्हणून टाकलेला नंबर होता तो. त्या माणसाचं नाव कुठेही नोंदलेलं नाही. त्याच्या हाताची गाडीत उरलेली एकमेव खूण ती होती, आणि ती माझ्या हाताने गेली. वहीत त्या पानावर काहीच नाही, कारण मी न लिहिताच घासायला घेतलं होतं.

तेव्हापासून माझं काम बदललं. काय नवं करता येईल हे मी आता नंतर बघतो, काय राहू देता येईल हे आधी.

हा प्रश्न माझ्या एकट्याचा नाही. जुन्या गाड्यांच्या संघटनांचा जागतिक महासंघ, फिवा, १९६६ मध्ये स्थापन झाला. त्याच्या ट्युरिन सनदेत वास्तू आणि कलावस्तूंच्या जतनाचा विचार गाड्यांना लावलेला आहे. शक्य तितकं मूळ राखा, जे बदलाल त्याची नोंद ठेवा, हा त्याचा गाभा.

मूळ राखायचं म्हणजे काय, हे रंगाशी आलं की कळतं. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत गाडीला रंग सहसा ब्रशने लागायचा. थरावर थर, प्रत्येक थर सुकायची वाट, वर व्हार्निश. आठवडे जायचे. १९२३-२४ च्या सुमारास ड्यूपाँट कंपनीचा ड्यूको हा नायट्रोसेल्युलोज रंग आला, तो फवारता यायचा आणि पटकन सुकायचा. फोर्डची मॉडेल टी ‘फक्त काळी’ म्हणून प्रसिद्ध आहे, पण ती तशी होती १९१४ ते १९२५ या काळातच. आधी हिरवी, लाल, निळी, करडी मिळायची, शेवटच्या काळात पुन्हा रंग आले. तेव्हा १९११ च्या गाडीला काळी करणं म्हणजे तिला मूळ रूप देणं नव्हे. तीच गत चकाकीची. त्या काळात रेडिएटरवर आणि दिव्यांवर निकेल असायचं, किंचित पिवळसर, उबदार. क्रोमची निळसर झाक गाड्यांवर आली ती १९२० च्या दशकाच्या अखेरीला. १९२४ च्या गाडीवर क्रोम चढवलं की ती नवी दिसते, पण खोटी दिसते.

आणि तरी सगळंच जपता येत नाही. कुजलेलं लाकूड बदलावंच लागतं. ब्रेकचे दोर, टायर, तारांवरचं कापडी वेष्टण, इथे भावनेला जागा नाही. गाडीत माणसं बसणार आहेत.

(दृश्य : टेबलावर उघडा कार्बोरेटर. चिमट्यात धरलेला बुचाचा, म्हणजे कॉर्कचा, तुकडा.)

हा फ्लोट. कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल किती साठावं हे हा ठरवतो. पेट्रोल चढलं की तो तरंगून वर येतो, सुई दाबतो, पुरवठा बंद. हा आहे बुचाचा, वरून लाखेचा लेप. वर्षभर तो नीट चालला आणि मग गाडीला पेट्रोलचा वास यायला लागला. पेट्रोलमधल्या इथेनॉलने लाख विरघळवली होती, बूच पेट्रोल पिऊन जड झालं होतं, तरंगेना. नवा फ्लोट इथेनॉलला दाद न देणाऱ्या लेपाचा बसवला. जुना डबीत आहे, चिठ्ठीसकट.

मग डिस्ट्रिब्युटर, प्रत्येक प्लगला ठिणगी वाटून देणारा. त्याचे पॉइंट, म्हणजे उघडमीट करणारे संपर्क, साफ करून फट मोजायची, साधारण ०.४ मिलिमीटर. कागदाच्या चार पानांएवढी. तेवढ्या फटीवर अख्खी गाडी चालते.

(दृश्य : उजाडतंय. गाडी बाहेर. पुढून हँडल घातलेलं.)

हँडल मारायच्या आधी ठिणगीची वेळ मागे घ्यायची, म्हणजे ठिणगी जरा उशिरा पडेल असं करायचं. हे विसरलं तर इंजिन उलटा झटका देतं आणि मनगट मोडतं. अंगठा हँडलला विळखा घालून धरायचा नाही, बाकीच्या बोटांच्या बाजूलाच ठेवायचा. खालून वर ओढायचं, वरून खाली दाबायचं नाही. १९१२ मध्ये कॅडिलॅक या अमेरिकन कंपनीने चार्ल्स केटरिंग यांचा विजेवरचा स्टार्टर बसवला, तो का हवाहवासा वाटला हे एकदा हँडल मारलं की समजतं.

एक ओढ. दुसरी. तिसऱ्याला एक सिलिंडर खोकतो, मग दुसरा, आणि चारही लयीत येतात.

(काही क्षण फक्त इंजिनचा आवाज.)

चालवणंही नव्याने शिकावं लागतं. गिअर आपोआप जुळवणारं सिंक्रोमेश पहिल्यांदा आलं १९२८ मध्ये, कॅडिलॅकमध्येच. त्याआधीच्या गाडीत डबल क्लच. क्लच दाबा, न्यूट्रल, सोडा, क्षणभर थांबा, पुन्हा दाबा, मग वरचा गिअर. खाली येताना न्यूट्रलमध्ये असताना इंजिनला थोडी रेस. तो क्षणभर किती हे कुणी सांगू शकत नाही, ते कान सांगतो. बरोबर जमलं तर दांडा लोण्यात सुरी जावी तसा जातो. ब्रेक फक्त मागच्या चाकांना, म्हणून नजर खूप पुढे ठेवायची. मला हे मनापासून आवडतं : या गाडीत बसून दुसरा कसलाही विचार करता येत नाही.

आणि ती चालवायलाच हवी. उभ्या गाडीत पेट्रोल उडून चिकट थर मागे राहतो, सील सुकतात, ब्रेक जाम होतात, गंज आत शिरतो. लंडन ते ब्रायटन ही जुन्या गाड्यांची फेरी १८९६ सालच्या सफरीच्या आठवणीत १९२७ पासून निघते, आणि तिच्यात १९०५ पूर्वीच्या गाड्या सुमारे ९५ किलोमीटर आपल्या चाकांवर जातात. वाटेत बंद पडतात, दुरुस्त होतात, पुढे निघतात. मोटारीची पहिली लांबची सफर तरी वेगळी कुठे होती? १८८८ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीत, मोटार बनवणाऱ्या कार्ल बेंझ यांच्या पत्नी बर्था बेंझ दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला निघाल्या. इंधनाची नळी तुंबली, ती त्यांनी टोपीच्या पिनेने मोकळी केली. ब्रेकचे ठोकळे झिजले, तर वाटेतल्या चांभाराकडून त्यांवर चामडं बसवून घेतलं.

(दृश्य : परतलेली गाडी. इंजिन बंद. तापलेल्या धातूची टिकटिक.)

फेरी संपली की लगेच ताडपत्री घालत नाही. इंजिन निवेपर्यंत हा टिकटिक आवाज येत राहतो, तेवढ्या वेळात पाना घेऊन भोवती एक चक्कर मारायची. चाकांचे नट, स्प्रिंगांचे बोल्ट, रेडिएटरचे पट्टे. खाली ठेवलेल्या ट्रेमध्ये तेलाचे थेंब किती पडले ते बघायचं, गेल्या वेळेपेक्षा जास्त की कमी. सीटखाली ती फळी आहे, अर्धी घासलेली, तशीच. शेजारच्या नव्या फळीवर मी बसवल्याचं साल कोरून ठेवलं आहे, म्हणजे पुढच्याला कोणती कुणाची ते कळेल.

(दृश्य : वहीचं शेवटचं लिहिलेलं पान. हात लिहितो आहे. निवेदक वाचतो.)

“३१ किलोमीटर. चढावर पाणी उकळलं नाही. दुसरा गिअर दोनदा करकरला. ट्रेमध्ये सात थेंब. डाव्या मागच्या चाकाचा एक नट पाव फेरा सैल. आवळला.”