दगडावरचा एक शब्द

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात मराठी शाळेच्या शिक्षिकेने केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

नमस्कार मंडळी,

कार्यकारिणीने मला मराठी शाळेविषयी चार शब्द बोलायला सांगितलं. न्यू जर्सीतल्या आपल्या शाळेत मी दर रविवारी मोठ्या गटाचा वर्ग घेते, अकरा ते चौदा वर्षांच्या मुलांचा. मुळाक्षरं, जोडाक्षरं, वर्गणी, खोलीचं भाडं यांविषयी आज बोलणार नाही. गेल्या वर्षभरात वर्गात जे घडलं तेवढंच सांगते, कारण त्याने माझं स्वतःचं शिकवणं बदललं.

मी सातारा जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले. १ ऑगस्टला लोकमान्यांची पुण्यतिथी असायची. चौथीत मी उभी राहिले, "अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो" म्हटलं आणि शेंगांच्या टरफलांची गोष्ट एका दमात सांगितली. तुमच्यातल्या निम्म्या लोकांनी तरी ती सांगितली असेल. पुढे परीक्षेत केसरी १८८१ साली सुरू झाला, १९०८ साली सहा वर्षांची शिक्षा झाली, मंडालेला ठेवलं, हे सगळं मी लिहिलं. जोड्या लावल्या, रिकाम्या जागा भरल्या, गुण मिळवले. पण ज्या लेखांपायी त्यांना शिक्षा झाली, त्यांतलं एक वाक्यही कॉलेज संपेपर्यंत माझ्या डोळ्यांखालून गेलं नाही. आमच्या बाई फार जीव लावून शिकवायच्या. साठ मुलांच्या वर्गाला आणि तेवढ्याशा पुस्तकाला जे शक्य होतं ते त्यांनी दिलं. आपल्या वर्गात मात्र चौदा मुलं आहेत आणि परीक्षा नाही. मग इथेही मी टरफलंच का वाटत होते, हा प्रश्न मला फार उशिरा पडला.

तो पडला आपल्याच वेशभूषा स्पर्धेत. एक मुलगी सावित्रीबाई होऊन आली होती. कपाळावर मोठं कुंकू, हातात पाटी, तोंडपाठ तीन वाक्यं. खाली उतरल्यावर मी तिला सहज म्हटलं, सावित्रीबाईंची एखादी कविता म्हणायची होतीस. ती थबकली. "त्या कविता पण करायच्या?" सावित्रीबाईंचा काव्यसंग्रह १८५४ साली छापला गेला, त्या तेवीस वर्षांच्या असताना. कविता मराठीच्या तासाला, शाळा काढली ते इतिहासाच्या तासाला, आणि माणूस कुठल्याच तासाला नाही, असं त्या मुलीचं झालं होतं. तिला तसं शिकवणारी मीच होते.

म्हणून गेल्या वर्षी आम्ही एकच आयुष्य घ्यायचं ठरवलं आणि ते आपल्या अंगणातलं घेतलं. आनंदीबाई जोशी जून १८८३ मध्ये न्यूयॉर्कच्या बंदरात उतरल्या आणि तिथून आपल्या या राज्यात, रोझेलला, थिओडिशिया कार्पेंटर यांच्या घरी राहायला आल्या. तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. रोझेल आपल्यापैकी कित्येकांच्या रोजच्या रस्त्यावर आहे. मुलांना आधी हेच खरं वाटेना. नऊवारीतली, मांसाहार न करणारी, एकटी आलेली मराठी मुलगी, आणि ती इथे, जिथे आपण सॉकरला जातो तिथे?

इतिहासाचा तास असा सुरू झाला की मग फार ढकलावं लागत नाही. आनंदीबाईंचे पती गोपाळराव यांनी एका मिशनऱ्याला लिहिलेलं पत्र अमेरिकेतल्या मासिकात छापून आलं, ते कार्पेंटरबाईंच्या वाचनात आलं आणि त्यांनी अनोळखी मुलीला पत्र लिहिलं. दोघींची ओळख समुद्रापलीकडून, पत्रांतूनच झाली. मुलांनी त्या दोघींना पत्रं लिहिली, मराठीत. त्या महिन्यात जेवढं मराठी लिहून झालं, तेवढं आधीच्या दोन वर्षांत झालं नव्हतं.

मग अवघड भाग आला. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी बाळंतपण, दहा दिवसांत बाळ गेलं. वर्गातली तीन मुलं चौदा वर्षांची आहेत. शिवाय ज्या गोपाळरावांनी बायकोला शिकवायचा ध्यास घेतला, त्यांनी तिला मारलंही. दहा वर्षांची असताना लाकडाने मारलंत, बाराव्या वर्षी अंगावर खुर्च्या आणि पुस्तकं फेकलीत, असं आनंदीबाईंनी स्वतः नवऱ्याला पत्रात लिहिलं आहे. ते मी वर्गात सांगितलं. त्या संध्याकाळी मला दोन घरांतून फोन आले. मुलांना एवढं कशाला सांगायचं, आदर कमी होईल, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांची काळजी मला कळते. पण वर्गात काय झालं ते मी पाहिलं आहे. एका मुलाने विचारलं, "मग थोर कोण, ती की तो?" पाऊण तास त्यावर वाद झाला. मध्येच मराठी अपुरी पडली की मुलं इंग्रजीत जायची आणि पुन्हा ओढून मराठीत यायची. शेवटी एक मुलगी म्हणाली, असं पत्र नवऱ्याला लिहायची हिंमत झाली, तिथे ती डॉक्टर झाली. आदर कमी झाल्याचं मला तरी कुठे दिसलं नाही.

फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातला एक फोटो आम्ही पाहिला, ऑक्टोबर १८८५ चा. आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लांबूली, तिघी आपापल्या देशाच्या वेशात. ११ मार्च १८८६ ला आनंदीबाईंना पदवी मिळाली. त्या समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. आपलं बाळ गमावलेल्या मुलीने हाच विषय का घेतला असेल, हे मला सांगावं लागलं नाही. कोल्हापूरच्या दवाखान्यात स्त्रियांच्या विभागाचं काम त्यांची वाट पाहत होतं. क्षयाने ते होऊ दिलं नाही. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या, बावीस पूर्ण व्हायच्या आधी.

त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे आल्या आणि न्यूयॉर्क राज्यात पोकिप्सीला, त्या कुटुंबाच्या जागेत पुरल्या गेल्या. मे महिन्यात आम्ही चार गाड्या करून तिथे गेलो. हडसनच्या काठाकाठाने दोन तासांचा रस्ता. दगड साधा आहे. मुलांनी बोटं फिरवून अक्षरं वाचली: आनंदीबाईंचं नाव, डॉक्टरची पदवी, १८६५ ते १८८७, आणि शिक्षणासाठी हिंदुस्थानबाहेर पडलेली पहिली ब्राह्मण स्त्री, अशा अर्थाची ओळ.

एक मुलगी त्या ओळीपाशी थांबली. "ताई, ब्राह्मण म्हणजे काय? आणि ते दगडावर का लिहिलंय?"

मंडळी, इथे वाढणाऱ्या मुलाचा हा अगदी निर्मळ प्रश्न आहे. आजूबाजूला उभे असलेले आम्ही सहा मोठे एकमेकांकडे बघत राहिलो. कुणीतरी म्हणालं, तेव्हा असायचं तसं, चल, फुलं वाहूया. फुलं वाहिली. पण परतीच्या वाटेवर मला स्वस्थ बसवेना. आपल्या मंडळात जातीविषयी बोलायचं नाही असा अलिखित रिवाज आहे. चांगल्या हेतूनेच असेल. पण मग दगड बोलतो आणि आपण गप्प राहतो.

पुढच्या रविवारी मी एक निबंध छापून नेला. मुक्ता साळवे. जोतिराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेतली विद्यार्थिनी, मांग समाजातली. तिचा निबंध १८५५ साली ज्ञानोदय या नियतकालिकात छापला गेला. म्हणजे आनंदीबाईंच्या जन्माच्याही दहा वर्षं आधी. मराठी जुनी आहे, म्हणून आम्ही एकेक वाक्य घेतलं. वेद जर ब्राह्मणांचेच, तर आमचं धर्मपुस्तक कुठलं, असं ती सरळ विचारते. आम्ही कुठल्या धर्माचे ते देवाने तरी कळवावं, म्हणते. मुलांनी श्वास रोखून ऐकलं. शाळकरी मुलगी असं लिहिते, हेच त्यांना नवं होतं.

आणि मग एक उतारा येतो, जो मी स्वतः अनेकदा वाचला होता, पण त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा घरावर छप्परसुद्धा नसतं, हीव, पाऊस आणि वारा यांनी त्यांना किती दुःख होत असेल, असं मुक्ता लिहिते. बाळंतरोग झाला तर औषधाला आणि वैद्याला पैसा कुठून आणायचा? फुकट औषध देणारा असा कोणता वैद्य तुमच्यात होता?

"हीव" शब्दावर आम्ही अडलो. मी म्हटलं, हिवाळा माहीत आहे ना, त्यातलंच हीव. वहीत लिहून घेतलं. लिहिता लिहिता, पोकिप्सीला प्रश्न विचारणाऱ्या त्याच मुलीने मान वर केली. "पण ताई, आनंदीबाई तर हेच शिकायला आली होती. बाळंतपण. ती मुक्ताच्या घरी गेली असती का?"

तीस वर्षं शाळेत, कॉलेजात, वाचनात मी ही दोन नावं ऐकली आहेत. दोन वेगळ्या धड्यांत, दोन वेगळ्या जयंत्यांना. त्यांना एकमेकींसमोर कुणी उभं केलेलं मी पाहिलं नव्हतं. ते एका बारा वर्षांच्या मुलीने केलं, कारण तिच्या हातात दोघींचे स्वतःचे शब्द होते. त्या दिवशी वर्गाने दोन्ही बाजूंनी पुरावे काढले. आनंदीबाईंनी प्रवेशासाठीच्या पत्रात लिहिलं आहे की मित्रांचा आणि जातीचा विरोध पत्करून आले आहे, आणि माझ्या देशातल्या दुःखी स्त्रियांना मदत करायची आहे. "स्त्रियांना" म्हटलंय, सगळ्या आल्या, असं एकाचं म्हणणं. निघण्यापूर्वी सेरामपूरच्या भाषणात तिने हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येऊन राहीन असं सांगितलं होतं, मग विटाळाचं काय, असं दुसरीने विचारलं. मी निकाल दिला नाही. तो माझ्याकडे नाही.

पालकांना माझी विनंती आहे. घरी जयंतीचं भाषण पाठ करून घेण्याऐवजी त्या माणसाचं एक पत्र, एक कविता, निबंधातला एक परिच्छेद मुलाबरोबर मोठ्याने वाचा. तुम्हालाही शब्द अडतील, अडू द्या. आजी-आजोबा आले असतील तर त्यांना शेजारी बसवा. आमच्या वर्गात एका आजोबांनी मुक्ताच्या निबंधातला "तालीमखाना" समजावताना गावातल्या आखाड्याचं जे वर्णन केलं, ते कुठल्या पुस्तकात मिळालं नसतं. आणि मूल अडचणीचा प्रश्न विचारेल तेव्हा, फुलं वाहण्याआधी, तिथे थोडं थांबा.

आता पुढच्या महिन्याचं. दगडावरच्या त्या शब्दाचा शोध वर्गाला पुढे न्यायचा आहे, आणि त्यासाठी लांब जावं लागत नाही. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोद्याच्या सयाजीरावांची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात आले, बावीस वर्षांचे असताना. तिथेच ९ मे १९१६ ला गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात त्यांनी भारतातल्या जातींविषयी निबंध वाचला. जात म्हणजे काय आणि ती आली कुठून, हाच त्याचा विषय. आम्ही त्यातली निवडक पानं सोप्या मराठीत करतो आहोत, मुलंच करत आहेत. शनिवारी सकाळच्या ट्रेनने निघायचं, कोलंबियाच्या आवारात बसून ती वाचायची आणि संध्याकाळी परत. बरोबर यायला पाच पालक हवे आहेत. नावं आज जेवणाच्या वेळी माझ्याकडे द्या.

पोकिप्सीच्या त्या मुलीला तिथे मुक्ताचा उताराही वाचायचा आहे. मी म्हटलं, पाठ करशील का? ती म्हणाली, नको, कागद हातात असू दे, मला बघून वाचायचंय.