पिटातला संगीतकार : आंद्रे मेसाजे

मंडळी, ओपेराच्या इतिहासात आंद्रे मेसाजे हे नाव दोन ठिकाणी भेटतं. एकदा ‘व्हेरोनिक’सारख्या ऑपेरेटांचा, म्हणजे हलक्याफुलक्या ओपेरांचा, कर्ता म्हणून, आणि एकदा क्लोद देब्युसीच्या ‘पेलेआस ए मेलिझांद’ या ओपेराचा पहिला प्रयोग उभा करणारा कंडक्टर म्हणून. सहसा ही दोन खाती वेगवेगळी मांडली जातात. मला मात्र दोन्हीकडे एकच काम दिसतं : गाणाऱ्याचा शब्द वाद्यांच्या खाली न गाडता शेवटच्या रांगेपर्यंत पोचवणं. म्हणून आज १९०२ सालच्या पहिल्या चार महिन्यांवर जरा जास्त थांबू या. बाकीचं आयुष्य भराभर सांगतो.

जन्म ३० डिसेंबर १८५३ चा, मध्य फ्रान्समधल्या मोंलुसों गावचा. शिक्षण पॅरिसच्या नीदरमेयर शाळेत. चर्चसाठी संगीतकार घडवणारी ही शाळा. सां-साँ आणि गाब्रिएल फोरे या संगीतकारांशी त्याचा संबंध जुळला तो तिथल्याच वर्तुळात. १८७४ मध्ये फोरेच्या जागी तो सां-सुल्पीस चर्चमध्ये गायकवृंदाचा ऑर्गनवादक झाला. फ्रान्सच्या मोठ्या चर्चमध्ये दोन ऑर्गन असतात. एक भव्य, मागच्या सज्जावरचा. दुसरा लहान, गाणाऱ्यांजवळचा. मेसाजेकडे आला तो लहान, म्हणजे निखळ साथीचा. गाणारा श्वास कुठे घेतो, कुठे रेंगाळतो, शब्द कुठे तोडतो, हे ऐकल्याशिवाय त्या बाकावर बसताच येत नाही. पुढच्या सगळ्या कारकिर्दीचा पाया मला याच बाकावर दिसतो.

त्यानंतर फोली-बेर्जेर या पॅरिसच्या करमणुकीच्या थिएटरासाठी छोटे बॅले, १८८० मध्ये ब्रुसेल्सच्या एडन थिएटरात संगीत दिग्दर्शन, १८८३ मध्ये फिर्मँ बेर्निका या दिवंगत संगीतकाराची अपुरी राहिलेली ऑपेरेटा पुरी करून देणं. १८८६ मध्ये पॅरिस ओपेरात ‘दोन कबुतरं’ हा बॅले, १८९० मध्ये पॅरिसच्याच ओपेरा-कॉमिक या थिएटरात ‘ला बासोश’. आणि मग १८९८.

त्या वर्षी ओपेरा-कॉमिकची नवी इमारत उघडली. जुनी १८८७ च्या आगीत जळाली होती. नव्या थिएटरचा संचालक आल्बेर कारे, आणि संगीत विभागाचा प्रमुख मेसाजे. उद्घाटन झालं ७ डिसेंबरला. तीनच दिवसांनी, १० डिसेंबरला, बूफ-पारिझियां थिएटरात ‘व्हेरोनिक’चा पहिला प्रयोग. ‘कॉमिक’ या शब्दावरून विनोदी असा अर्थ कृपया काढू नका. गाण्यांच्या मध्ये बोललेले संवाद असणारा प्रकार, एवढाच त्याचा मूळ अर्थ. आपलं संगीत नाटक डोळ्यांसमोर आणा, म्हणजे चौकट लगेच कळेल.

‘व्हेरोनिक’मधलं झोक्याचं द्वंद्वगीत घेऊ. ‘पूसे, पूसे लेस्कार्पोलेत्त’ : झोका दे, झोका दे. बोलताना ‘लेस्कार्पोलेत्त’ हा शब्द ‘लेत्त’वर संपतो. गाताना त्याच्या शेवटचा मुका स्वर जागा होतो आणि एक अक्षर वाढतं. आपल्याकडे ‘राम’ म्हणताना शेवटचा ‘अ’ ऐकू येत नाही आणि गाताना तो येतो, तसंच. पण फ्रेंचमध्ये हे वाढीव अक्षर दुबळंच राहायला हवं. वजन त्याच्या आधीच्या अक्षरावर पडायला हवं. संगीतकाराने मात्रेचा ठोका शेवटच्या अक्षरावर मारला, तर चाल कितीही गोड असो, फ्रेंच कानाला ती परक्या माणसाच्या उच्चारासारखी लागते. मेसाजे हे वजन फार नेमकं सांभाळतो. वाद्यांचं लेखनही तो स्वतः करायचा, दुसऱ्या कुणाकडे सोपवायचा नाही. गायिका मधल्या सप्तकात शब्द बोलत असताना त्याच उंचीवर जाड वाद्यं ठेवली की शब्द संपला. हे ज्याने पिटात, म्हणजे रंगमंचापुढच्या वाद्यवृंदाच्या खड्ड्यात, उभं राहून ऐकलंय, तो लिहितानाच तिथे जागा मोकळी ठेवतो.

आता ‘पेलेआस’. तालमी १३ जानेवारी १९०२ ला सुरू झाल्या आणि पंधरा आठवडे चालल्या. टाळ्या घेणारी स्वतंत्र गाणी यात नाहीत. बहुतेक ठिकाणी एका अक्षराला एक सूर, जवळजवळ बोलल्यासारखा. खाली वाद्यवृंद मात्र भरगच्च : तीन फ्लूट, चार हॉर्न, तीन ट्रम्पेट, तीन ट्रॉम्बोन, ट्यूबा, दोन हार्प. एवढ्या मंडळींना बहुतांश वेळ हळू वाजवायला लावणं हेच अर्धं काम.

पहिला घोळ झाला नकलांचा. प्रत्येक वादकासमोर त्याच्या वाट्याची नक्कल असते, आणि ‘पेलेआस’च्या नकला चुकांनी भरल्या होत्या. सुरुवातीच्या तालमी त्या दुरुस्त करण्यातच गेल्या. नेहमीच्या संगीतात चूक चटकन ऐकू येते, कारण पुढचा स्वर काय असणार याचा कानाला अंदाज असतो. देब्युसीच्या स्वरमेळांना त्या काळी हा अंदाज लागू नव्हता. एखादा विचित्र स्वर आला, तर तो देब्युसीचा की नक्कलकाराचा? मूळ प्रत आतून समजलेला माणूसच हे सांगू शकतो, आणि इथे संगीतकार असलेला कंडक्टर कामी आला.

दुसरा घोळ पडद्यामागचा. पाच अंकांत पंधरा दृश्यं, आणि ओपेरा-कॉमिकच्या रंगमंचाला बाजूला, मागे जागा तुटपुंजी. झ्युसोम आणि रॉन्सँ यांचे देखावे बदलायला जितका वेळ लागे, तितकं संगीत दृश्यांच्या मध्ये लिहिलेलंच नव्हतं. अंकाच्या मधोमध शांतता पडली की प्रेक्षक बोलायला लागणार आणि बांधलेली हवा विरून जाणार. म्हणून ऐन तालमींच्या धामधुमीत देब्युसीला मध्यंतरीचं संगीत वाढवावं लागलं. तो वैतागला होता. मेसाजे रोज त्याच्या घरी जाऊन लिहून झालेली पानं अक्षरशः ओढून आणत असे. आज आपण ज्या मध्यसंगीताला या ओपेराचा गाभा मानतो, त्याचा मोठा भाग सुतारांना आणि पडदेवाल्यांना वेळ मिळावा म्हणून जन्मला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

२८ एप्रिलच्या रंगीत तालमीत लोक हसले, हुल्लड झाली. त्यातच सरकारच्या कलाखात्याने तिसऱ्या अंकातला एक तुकडा आक्षेपार्ह म्हणून कापायला लावला. ३० एप्रिलला पहिला प्रयोग झाला. मेरी गार्डन मेलिझांद, झाँ पेरिए पेलेआस. तीन प्रयोग करून मेसाजेला लंडनला जावं लागलं, कारण तिथल्या कॉव्हेंट गार्डन या ओपेरागृहाचीही जबाबदारी त्याच्याकडे होती. कोरसची तयारी करून घेणारा आंरी ब्यूसेर त्याच्या जागी उभा राहिला आणि देब्युसी अस्वस्थ झाला. त्यात ब्यूसेरचा कमीपणा शोधायचं कारण नाही. इथे लय बोलण्यासारखी सतत मागेपुढे होते. गायकांबरोबर पंधरा आठवडे काढून हातात बसलेलं हे मागेपुढे एका आठवड्यात दुसऱ्याच्या हाती देता येत नाही. छापील प्रतीच्या अर्पणपत्रिकेत प्रकाशक झोर्झ हार्तमानच्या स्मृतीबरोबर मेसाजेचं नाव आहे.

पुढे १९०७ मध्ये ‘फोर्तुनिओ’. १९०८ पासून ब्रुसाँबरोबर पॅरिस ओपेराचं संचालकपद, आणि तिथे जानेवारी १९१४ मध्ये ‘पार्सिफाल’. वाग्नरच्या या ओपेरावरचा बायरॉइथचा, म्हणजे त्याच्या स्वतःच्या थिएटरचा, हक्क आदल्याच वर्षाअखेरीस संपला होता.

आणि १९१९ मध्ये, पासष्टाव्या वर्षी, ‘मस्यू बोकेर’ ही ऑपेरेटा. पहिला प्रयोग बर्मिंगहॅमला, गाणी इंग्रजीत. ज्याने आयुष्यभर शब्दाच्या शेवटी पडणारं फ्रेंच वजन सांभाळलं, त्याने जिथे वजन अनेकदा पहिल्याच अक्षरावर पडतं अशा भाषेला चाली लावल्या. १९२५ मध्ये तीच कृती पॅरिसला आली, तेव्हा गणित उलटं झालं : सूर आधीच ठरलेले, आणि त्यांवर फ्रेंच शब्द बसवायचे. दोन्ही भाषांतली ध्वनिमुद्रणं मिळाली तर एकच गाणं लागोपाठ ऐका. चालीकडे लक्ष देऊ नका, फक्त ठोका कुठल्या अक्षरावर पडतो ते मोजत जा.