लोखंडी कढई माळ्यावर

(घणसोली, सकाळचे सव्वासहा. ओट्यावर काचेचा ग्लास.)

हा ग्लास दिसतोय ना, ह्यात गोळ्या विरघळायला टाकल्यात. नीट ढवळायच्या, मग पोरगा नाक दाबून पितो, खडू घोळल्यासारखी चव लागते म्हणतो. तळाशी पांढरा साका राहतो, त्यात परत घोटभर पाणी टाकून तोपण प्यायचा, कारण औषध तर त्या साक्यातच असतं. आणि मग अर्धा तास पोटात काही नाही. शाळेची घाई, मी डबा भरतेय, आणि हा घड्याळाकडे बघत बसलाय, असं रोज.

ह्या गोळ्या लोह बाहेर काढायच्या. आणि मी सुरुवात कशाने केली होती माहितीये? लोह पाजण्याने.

2011 ची गोष्ट, सात महिन्यांचा होता. अंगावर प्यायचा कमी, पोट फुगलेलं, नखं बघाल तर कागदासारखी. डॉक्टर म्हणाले अशक्तपणा आहे, आयर्नचे थेंब द्या. मी दोन महिने दिले, एक दिवस चुकवला नाही. मग दुसऱ्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, हिमोग्लोबिन, म्हणजे एचबी, फक्त 4.8. एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार बघायची टेस्ट केली आणि रिपोर्टवर आलं, थॅलेसेमिया मेजर, जन्मापासूनचा रक्ताचा आजार. ते थेंब अजून कधीकधी आठवतात, ड्रॉपर, गालात हळूच सोडायची मी...

(ठाण्याकडे जाणारी लोकल, खिडकीतून ऐरोली.)

दर वीस-एकवीस दिवसांनी ही लोकल. आदल्या दिवशी क्रॉसमॅचला, म्हणजे दात्याचं रक्त जुळतं का बघायला, सॅम्पल, दुसऱ्या दिवशी रक्त, म्हणजे दोन खेपा. पिशवी चढायला तीन-चार तास. वॉर्डात सगळी ओळखीचीच पोरं, ती एकमेकांना नाव नंतर विचारतात, आधी "तुझं एचबी किती आलं?"

त्याच्या शरीरात तांबड्या पेशी नीट बनतच नाहीत, म्हणून रक्त बाहेरून द्यायचं. पण एका पिशवीतून साधारण 200 ते 250 मिलिग्रॅम लोह आत जातं आणि शरीर दिवसाला टाकतं जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम. मग ते साठतं, लिव्हरमध्ये, हृदयात. रक्त नाही दिलं तर पोर जगत नाही, दिलं तर हे. म्हणून त्या गोळ्या.

हे शेजारणींना सांगून सांगून थकले मी. कुणी बीट आणून देणार, कुणी अळिवाचे लाडू, "रक्त वाढेल हो त्याचं." प्रेमानेच देतात, काय बोलणार. घरातली लोखंडी कढई तेव्हाच माळ्यावर टाकली. आणि जेवणाबरोबर चहा प्यायला डॉक्टरांनी सांगितलेलं हे बिल्डिंगमधलं एकच पोर असेल, चहाने लोह कमी शोषलं जातं म्हणून.

(मे महिना. ब्लड बँकेच्या बाहेरचा बाक.)

मे महिना सगळ्यात वाईट. कॉलेजं बंद, लोक गावाला, शिबिरं नाहीत. ह्या मुलांना रक्त फुकट द्यायचं आणि बदल्यात डोनर मागायचा नाही असा नियम आहे, तरी खिडकीवरचा माणूस विचारतोच, "डोनर आणलाय का?" एकदा ह्यांनी कंपनीतल्या दोघांना नाईट शिफ्टवरून थेट तिथेच आणलेलं, बिचारे जांभया देत बसले होते.

सुरुवातीला घरात एकच विषय, हे कुणाच्या घरातून आलं. सासूबाई म्हणायच्या आमच्यात असलं काही नाही. मग आमची दोघांची टेस्ट झाली, दोघंही मायनर. म्हणजे दोष अंगात आहे, आम्हाला स्वतःला काही त्रास नाही, पण दोघं मायनर असले की प्रत्येक खेपेला मूल मेजर व्हायची शक्यता 25 टक्के. दुसऱ्या वेळी पोटातच तपासता येतं हे आम्हाला उशिरा कळलं. आम्ही घाबरून दुसरं होऊच दिलं नाही, आणि आता बोन मॅरो ट्रान्सप्लांटसाठी मॅच होईल असं भावंड नाही. असो. पण गेल्या वर्षी नणंदेच्या मुलीचं लग्न ठरायच्या आधी तिला एचबीए-टू टेस्टला, म्हणजे ती मायनर आहे का बघायला, कोण घेऊन गेलं, तर सासूबाई. रिक्षा पण त्यांनीच थांबवली.

(परत ओटा. ग्लास रिकामा.)

आता दहावीत आहे, गोळ्या स्वतः घेतो, मला जवळ येऊ देत नाही. तो गेला की मी ग्लास उजेडात धरून बघते, साका राहिला का. परवा चप्पल घालता घालता परत आत आला, मी ग्लास धरून उभीच. काही बोलला नाही. माझ्या हातातून घेतला, नळाखाली धरला, थोडं पाणी घेऊन गोल फिरवलं आणि माझ्याकडे बघत प्यायला.

"झालं? आता डबा दे, सातची बस चुकेल."